झुंबराचा होकार

दुपारी एकच्या ठोक्याला राजवाड्याच्या आरसेमहालात दीड-दोनशे माणसं माना वर करून उभी असायची. एरवी त्या महालात बघण्यासारखं काय कमी आहे? भिंतीभर आरसे, त्यांच्या सोनेरी चौकटी, छतावर रंगवलेले ढग आणि ढगांत पाय हलवत बसलेल्या गुबगुबीत पऱ्या, खाली तीन रंगांच्या लाकडाची नक्षी. पण एक वाजला की कुणाचं कशाकडे लक्ष नसायचं. सगळ्यांचे डोळे मधोमध टांगलेल्या झुंबराकडे. चुकून कुणी शिंकलं तर बाकीचे त्याच्याकडे असे बघायचे, जसा काही त्यानं खूनच पाडलाय.

"विचारा," झुंबराखाली उभे असलेले एक महाराज म्हणायचे. सगळे त्यांना बाबा म्हणत. "पण हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असं विचारा. पलीकडच्यांना लांबलचक बोलवत नाही."

मग एखादी बाई पुढे सरकायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारायची, "माझा मुलगा सुखात आहे का हो?"

क्षणभर काहीच नाही. खिडक्या बंद, पंखा नाही, वाऱ्याची झुळूक नाही. आणि मग झुंबर किणकिणायचं. बाई मटकन खाली बसायची, आजूबाजूचे हात जोडायचे आणि बाबा डोळे मिटून म्हणायचे, "होकार!"

मी त्या झुंबराची मोलकरीण. कागदोपत्री माझ्या पदाला भलंमोठं नाव आहे, पण काम म्हणाल तर काच पुसणं. एक हजार आठशे चाळीस लोलक. वर्षातून एकदा झुंबर खाली उतरवायचं, एकेक लोलक काढून कोमट पाण्यात धुवायचा, सुती हातमोज्यांनी कोरडा करायचा आणि त्याच्या नंबरच्या हुकात परत अडकवायचा. बावीस वर्षं मी हेच करत आले. त्या झुंबराला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही, आणि मला विचाराल तर ते कधी कुणाशी बोललेलं नाही.

बाबांना मात्र सगळं ठाऊक. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, गळ्यात स्फटिकाची माळ आणि तोंडात सारखं विज्ञान. "काच म्हणजे गोठलेलं पाणी. पाण्याला स्मृती असते. स्मृती म्हणजे लहरी. आता परदेशातले शास्त्रज्ञही हे मानायला लागलेत."

"काच म्हणजे वाळू असते हो," एकदा मला राहवेना. "वितळवलेली वाळू. पाण्याचा काय संबंध?"

दोनशे डोकी माझ्याकडे वळली. बाबा गोड हसले. "ताई, तुमची लहर जड आहे. जरा मागे उभ्या राहता का?"

बुधवारी झुंबर मुकं असायचं. बुधवारी म्हणे पलीकडे मौन पाळतात. "म्हणजे आत्म्यांनाही साप्ताहिक सुट्टी!" असं मी पहारेकऱ्याला म्हणाले आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याच्या नादात मी पुढचा विचार केलाच नाही. केला असता तर फार बरं झालं असतं.

आमच्या संचालकांना विचारलं तर ते हात झटकून मोकळे. "बाई, ते तिकीट काढून येतात, शिस्तीत उभे राहतात, शिस्तीत जातात. आपण कशाला कुणाच्या श्रद्धेत पडायचं?" वर्षानुवर्षं ओस पडलेल्या राजवाड्याबाहेर रांग लागली होती. कुठला संचालक ती मोडेल?

पण बाबांनी हे सगळं सुरू केलं नव्हतं. ते नंतर आले. सुरुवात झाली होती माझ्या धाकट्या बहिणीपासून.

धाकटी महालाच्या दाराशी बसायची. आत जाणाऱ्यांना बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या द्यायच्या, बाहेर आल्यावर परत घ्यायच्या, हे तिचं काम. तिचा नवरा इथलाच वायरमन. दोघांचं जमवलं मीच. तो आधी माझ्या हाताखाली झुंबराचे दिवे बघायचा, त्यामुळे बहिणीचा नवरा झाला तरी माझं त्याच्याशी अरे-तुरेच राहिलं. त्यांची एकच मुलगी. तिला आम्ही चिमणी म्हणायचो. शाळा सुटली की इकडेच यायची, पिशव्या बुटांवर चढवून त्या गुळगुळीत जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायची आणि माझा ओरडा खायची.

नऊ वर्षांची होती. ताप आला आणि मेंदूत गेला. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

त्यानंतर धाकटी जिवंत होती एवढंच. मी डबा आणून समोर ठेवायचे, संध्याकाळी तसाच परत न्यायचे. वायरमन तर दिवसभर कुठल्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी वायरींत डोकं घालून. दोघं एका घरात राहायची, पण एकमेकांसमोर रडायची नाहीत. ती म्हणायची, "मी रडले तर ते कोसळतील गं." तो म्हणायचा, "ताई, मीच ढेपाळलो तर तिनं कुणाकडे बघायचं?" मला दोघांचंही पटायचं. किती मूर्ख होते मी.

वर्षभर असं गेलं. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर धाकटी माझ्या लोलक धुण्याच्या खोलीत आली. गाल लाल, श्वास लागलेला.

"ताई, चिमणी बोलली."

"काय?"

"मी महालात एकटीच बसले होते. सहज म्हटलं, चिमणे, तुला तिकडे थंडी नाही ना गं वाजत? आणि झुंबर वाजलं. खरंच सांगते, सगळं बंद होतं तरी वाजलं."

माझ्या जिभेवर आलं होतं की अगं वेडे, कुठेतरी दार आपटलं असेल. पण तिनं तेवढ्यात माझा डबा ओढला आणि उभ्या उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत ती भुकेनं जेवली. मी गप्प बसले.

नंतर ती रोज एक वाजता तिथे बसायला लागली. महिन्याभरात कुणा पाहुण्यानं ते पाहिलं, त्याच्यामागून बाबा आले आणि बाबांच्या मागून रांग आली. धाकटीला बाबांनी आपल्या शेजारी उभं केलं. लोक तिला "आई" म्हणायला लागले, तिच्या पाया पडायला लागले. जिला वर्षभर कुणी हाक मारली नव्हती तिला.

गर्दीत उभं राहून मी पहिल्यांदा तो आवाज नीट ऐकला आणि माझे कान टवकारले. आमच्या झुंबराला तीन ओळी आहेत. सगळ्यांत खाली लांब, जड लोलक, वर गेलं की लहान होत जातात. खिडकीतून वारा आला तर आधी खालची बाहेरची ओळ वाजते, जाड आवाजात, आणि मग हळूहळू वर सरकते. इथे उलटं होत होतं. आधी वरचे बारके लोलक किणकिणत होते आणि त्यांच्यामागून खालचे. म्हणजे छतावर पोटमाळ्यात कुणीतरी झुंबराचा दोर हलवत होतं.

मला हे तेव्हाच कळलं होतं. वाटलं, बाबांचा एखादा चेला वर बसत असेल. पोटमाळ्याची किल्ली पहारेकऱ्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली, कुणीही उचलावी. जिना चढून बघायला मला पाच मिनिटं लागली असती. पण धाकटी जेवत होती, वेणी घालत होती, एकदा तर हसलीसुद्धा. मनात म्हटलं, असू दे, बिचारीला तेवढाच दिलासा. लोकांच्या मूर्खपणावर तोंडसुख घेत राहिले आणि माझ्या बहिणीपुरती गप्प राहिले. अशी मी शहाणी!

मग एका सकाळी धाकटी महालाचे पडदे सरकवत होती. डावा हात खांद्याच्या वर जाईना. उजव्या हातानं दोरी ओढताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही. अवघडलाय."

मी तिला धुण्याच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पदर बाजूला करायला लावला. छातीत डाव्या बाजूला गाठ होती. वरची कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी दिसत होती.

"कधीपासून आहे?"

"पाच महिने झाले. डॉक्टरांना दाखवली होती तेव्हा. ऑपरेशनची तारीखही दिली होती त्यांनी."

"मग?"

"मी चिमणीला विचारलं." ती अगदी शांतपणे सांगत होती. "म्हटलं, चिमणे, मी नाही गेले तर चालेल ना गं? ती हो म्हणाली. मी तीन वेळा विचारलं, ताई. तिन्ही वेळा हो म्हणाली."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. ओरडले, रडले, हात जोडले. एक तपासणी तर करू या, तुझ्या पाया पडते, म्हणाले. ती ऐकून घेत होती, तापलेल्या पोराची बडबड ऐकावी तशी.

"आणि त्याला? वायरमनला काही सांगितलंस?"

"त्यांना नाही सांगायचं. शपथ आहे तुला. पोरीच्या वेळी त्या दवाखान्याच्या पायरीवर कसे बसले होते, पाहिलंयस ना तू?" मग माझा हात धरून म्हणाली, "बरं, तुझ्यासाठी उद्या परत एकदा विचारते. ती जा म्हणाली तर जाईन."

माझं टाळकं सटकलं. ठरवलं, उद्या एक वाजता पोटमाळ्यात जायचं, त्या चेल्याला कॉलरला धरून खाली आणायचं आणि दोनशे माणसांसमोर उभं करायचं. तेव्हा तरी धाकटीचे डोळे उघडतील. मग सरळ रिक्षा आणि दवाखाना.

दुसऱ्या दिवशी एकला पाच कमी असताना मी जिना चढले. पोटमाळ्यात जुनी लाकडं, धूळ आणि मधोमध झुंबर वर-खाली करायचा रहाट. रहाटावरून आलेला पोलादी दोर छतातल्या भोकातून खाली जातो. भोक हातभर रुंद आहे, खालून बघितलं तर सोनेरी पानांच्या नक्षीत लपून जातं. महालात झुंबराखाली कुणी कुजबुजलं तरी तो आवाज त्या भोकातून वर येतो.

भोकापाशी कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. कान खाली लावलेला, उजव्या हाताचं एक बोट दोरावर.

"ऊठ रे!" मी ओरडणार होते, पण तेवढ्यात त्यानं तोंड वळवलं.

वायरमन होता.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटतं, ते रोजच वाहत असावं.

"तू? बाबांनी ठेवलंय तुला?"

"बाबांना काही माहीत नाही," तो अगदी हळू बोलत होता. "मी त्या दिवशी इथे वायर बदलत होतो, ताई. माझी पिशवी दोराला लागली. खाली ती एकटी होती. तिनं पोरीला थंडी वाजते का विचारलं होतं. झुंबर वाजल्यावर ती हसली. वर्षानं हसली. मी कसं सांगणार होतो की ती माझी पक्कडीची पिशवी होती म्हणून?"

"आणि ही बाकीची माणसं?"

"तीही रडतच विचारतात. ज्यांनी रडत विचारलं त्यांना मी हो म्हणतो. ती काहीही विचारो, मी हो म्हणतो. नाही म्हणायला हात उचलत नाही."

बुधवारी वायरमनची सुट्टी असते. बावीस वर्षांची नोकरी आणि मला एवढं साधं गणित सुटलं नव्हतं.

मी काही बोलणार तोच खालून धाकटीचा आवाज आला, आमच्या पायाशी बसून बोलावी इतका स्पष्ट. "चिमणे, ताई म्हणते ऑपरेशन कर. पण मला नाही करायचं. मला तुझ्याकडेच यायचंय. आले तर चालेल ना गं?"

वायरमनचं बोट दोरावरच राहिलं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"कसलं ऑपरेशन?"

शपथ गेली खड्ड्यात. मी सांगून टाकलं. गाठ, पाच महिने, डॉक्टरांनी दिलेली तारीख, तीन वेळा विचारलेला प्रश्न.

"नाही गेले तर चालेल ना..." तो पुटपुटला. "मला वाटलं ती मावसबहिणीच्या लग्नाला जायचं म्हणतेय. तिला गर्दी नको असेल म्हणून मी... ताई, मी तीन वेळा वाजवलं."

त्याचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना. त्याला धीर द्यायचा तर खोटं बोलावं लागलं असतं.

"हात काढ दोरावरचा," मी म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणी मीही तेच करत होते. मनात हिशेब केला होता की झुंबर गप्प राहिलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा होईल, आणि चिमणी नाही म्हणाली तर धाकटी दवाखान्यात जाईल. चमत्कारानं घालवलं ते चमत्कारानंच परत आणू, नंतर बघू! मी, जी दोनशे माणसांना अडाणी म्हणत होते.

खाली सगळे वाट बघत होते. झुंबर गप्प. मग बाबांचा आवाज आला, लोण्यात बुडवलेला. "आई, रडू नका. लेक बोलत नाही, कारण तिचा ऊर भरून आलाय. आनंद झालाय तिला. गप्प आहे म्हणजे तिला कबूल आहे. या म्हणतेय ती तुम्हाला."

वाजलं तरी होकार, नाही वाजलं तरी होकार. असल्या दुकानात गिऱ्हाईक नाही कसं म्हणणार?

वायरमन पोटावर आडवा झाला, तोंड भोकाला लावलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला. "नाही! कबूल नाही! अगं, जा तू! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!"

महाल नुसता दणाणला. दोनशे माणसं एकदम ओरडली. "वाचा फुटली! झुंबराला वाचा फुटली!" मी भोकातून वाकून पाहिलं. माणसं नक्षीच्या जमिनीवर लोटांगण घालत होती. बाबा एक पाऊल मागे सरकले होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत काही खरं घडलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"अहो, मी वायरमन आहे!" तो ओरडत होता. "उठा! मी वायरमन, दोर मी हलवतो!" पण त्या गलक्यात कोण ऐकतंय?

फक्त धाकटी उभी होती. मान वर करून.

"तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, तुम्ही आहात वर?"

"मीच आहे गं. पहिल्या दिवसापासून मीच."

"थंडी वाजते का विचारलं होतं, तेव्हा?"

"तेव्हाही मीच."

ती खाली बसली. तिची मुलगी त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली, आणि ती आम्ही नेली.

पुढचं लवकर सांगते. मी खाली येऊन बाबांच्या समोरच लोकांना म्हटलं, चला वर, पाच-पाच जण चला, दोर बघा, भोक बघा, बोट लावून वाजवून बघा. बरेच जण आले. मुलाच्या सुखाचं विचारणारी ती बाईही आली. तिनं दोराला बोट लावलं, खालून किणकिण ऐकली, आणि रहाटाला टेकून उभी राहिली. बाबा मात्र तयारीचे. "वायरमनच्या बोटात कोण येत होतं, हे विचारलं का कुणी?" असं म्हणून त्यांनी पंधरा-वीस माणसं आपल्यामागे नेलीच. हल्ली दुसऱ्या गावात त्यांचं एक जुनं घड्याळ बोलतं म्हणे.

धाकटीला आम्ही त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. सगळ्या तपासण्या झाल्यावर जुना कागद समोर ठेवून म्हणाल्या, "तेव्हा गाठ वाटाण्याएवढी होती. काढली असती तर त्यांना आज इथे यावं लागलं नसतं. आता यकृतात गेलंय. आम्ही करू ते सगळं करू, पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही." त्या बाईंचे मला पाय धरावेसे वाटले.

धाकटी त्यानंतर नऊ महिने जगली. पहिले दोन महिने ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तो तिचं सगळं करायचा, भांडं धरायचा, केस गळाले तेव्हा उशी झटकायचा. एक दिवस मी सूप गरम करत होते, तेव्हा तिचा आवाज ऐकला.

"तुम्ही वर रडत होता ना रोज?"

"हो."

"मी खाली रडत होते. एकदा हाक मारली असतीत तर मी वर आले असते. दोघं मिळून रडलो असतो ना हो."

त्यावर तो जे रडला! पोर गेल्यापासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, उजवा हात, डावा उचलत नव्हता. मी गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसले.

म्हणून हे लिहितेय. बाबा लोकांना शिव्या घालणं सोपं आहे, मी जन्मभर घालत आले. पण माझ्या बहिणीला बाबांनी नाही मारलं. तिच्यावर जीव टाकणाऱ्या दोन माणसांनी तिला खरं सांगितलं नाही. एकाला धाडस झालं नाही आणि दुसरीनं जिना चढायचा आळस केला. गेलेलं माणूस बोलत नाही हो. काचेतून नाही, घड्याळातून नाही, कशातूनच नाही. कुणी बोलतं म्हणालं तर ज्या दिवशी ऐकाल त्याच दिवशी वर चढून बघा, दोराला कुणाचं बोट आहे ते. तुमच्या घरात कुणी रडत असेल तर त्याला गोड खोटं देऊ नका, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तुम्हीही रडा. आणि बायांनो, अंगावर कुठे गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाऊ का म्हणून कुणालाही विचारू नका.